रकाना सात : आईचा ठावठिकाणा

४ मार्च, मंगळवार

मायना लिहिलेला नाही. कचेरीच्या फाटकाबाहेर बसून मी रोज वीस-बावीस लोकांचे अर्ज लिहितो. 'मेहेरबान साहेब'पासून 'प्रिय'पर्यंत सगळे मायने हाताखालून जातात, पण सहा वर्षांनी तुला लिहायला त्यांतला एकही बसेना. तेव्हा मुद्द्यावर येतो.

भिंगरी रुग्णालयात आहे. ताप नाही, अपघात नाही, हातपाय धड आहेत. मनाच्या आजारांचं सरकारी रुग्णालय आहे, घरापासून दोन बस बदलून. मागच्या बुधवारी, २६ तारखेला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी दाखल झाली. दोन डॉक्टरांनी वेगवेगळं तपासलं, कायद्यात आहे तसं. त्या बाबतीत कुठे बोट ठेवायला जागा नाही.

तुझ्याकडून एक हवं आहे. मूल दाखल असेल तर घरच्या एका माणसाला चोवीस तास त्याच्याजवळ राहता येतं. तो मुलाचा हक्क आहे, आपल्यावरचे उपकार नव्हेत. मात्र मुलगी असेल तर ते माणूस बाईच असलं पाहिजे. हेही योग्यच. पण त्यामुळे मला संध्याकाळी सहाला शिपाई बाहेर काढतो आणि पोर एकटी राहते. माझी बहीण तीन वर्षांपूर्वी गेली, तुला कोणी कळवलं नसेल. शेजारपाजारच्या बायकांना विचारलं, तर त्या इमारतीचं नाव काढताच प्रत्येकीला काहीतरी काम आठवतं.

तू ये आणि राहा. सात-आठ दिवस.

दोन गोष्टी मात्र पाळ. आलीस की आधी मला भेट, परस्पर नोंदणीच्या खिडकीवर जाऊ नकोस. आणि फाटकावर कोणी विचारलंच तर मुलीची आत्या आहे असं सांग. कारण कागदोपत्री आहे आणि लांबलचक आहे. समोर बसून सांगेन.

पत्ता एका ओळखीच्याकडून मिळाला.

९ मार्च, रविवार

तुझं कार्ड काल आलं. दोन वाक्यं. 'मी तिची आत्या नाही. तिला तिथे नेलं कोणी?'

मी नेलं.

आता नीट, क्रमाने सांगतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून ती जेवेना. मी टिपून ठेवत होतो : सोमवारी चार घास, मंगळवारी नुसता चहा, बुधवारी चहाही नाही. शाळा बंद. माझ्याशी बोलणं बंद. काही हवं असलं तर चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवी, आणि त्यातही ऱ्हस्व-दीर्घ मुद्दाम चुकवी, मला डिवचायला. २२ तारखेला, शनिवारी, न्हाणीघराला आतून कडी लावून बसली. एक तास चाळीस मिनिटं. मग काच फुटल्याचा आवाज. मी दार फोडलं नाही, बिजागऱ्यांचे स्क्रू काढून उतरवलं. पण तेवढ्या वेळात माझ्या हातातून पेचकस तीनदा पडला. तिच्या तळहाताला चीर गेली होती, टाके दोन.

म्हणाली, "आरसा पडला. मी फोडला नाही."

मी तिच्या हाताला टॉवेल गुंडाळला.

"आणि फोडला असता तर? तुम्ही त्याचाही अर्ज लिहिला असता."

मी घाबरलो. हे वाक्य दोनदा खोडलं होतं, आता राहू देतो.

सोमवारी रुग्णालयात गेलो. खिडकीवरचा कारकून म्हणाला, जागा नाही, नाव नोंदवून जा, दोन महिन्यांनी कळवू. घरी आलो, तर ती भिंतीकडे तोंड करून तशीच पडलेली. तेव्हा मी अर्ज लिहिला, आणि सोबत प्रतिज्ञापत्र. तू ओळखतेस मला. शाळा सातवीपर्यंत, पण माझा अर्ज आजवर कुठल्या साहेबाने टोपलीत टाकलेला नाही. मंगळवारी दिला, बुधवारी जागा झाली. कारकून म्हणाला, "काका, पंधरा वर्षं इथे बसतोय, असा अर्ज पाहिला नाही. वाचताना काटा आला अंगावर." खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी बरं वाटलं.

अर्जात थोडं तिखटमीठ होतं. सगळेच लावतात. 'रस्त्यात खड्डा आहे' असं लिहून खड्डा बुजत नाही, त्यात कोणीतरी पडावं लागतं.

चौथ्या दिवशी कळलं की मुलांचा वॉर्ड, सहा खाटांचा, छत गळतं म्हणून बंद आहे, आणि मुलींना मोठ्या बायकांच्या वॉर्डात ठेवलंय. मुलांना मोठ्यांत ठेवता येत नाही, हे कायद्यात स्वच्छ आहे. मी कलम उतरवून अधीक्षकांना अर्ज दिला. त्यांनी वाचला, घडी घातली, म्हणाले, "अक्षर सुंदर आहे तुमचं." दुसऱ्या दिवशी मी लिहून दिलं की मुलीला घरी न्यायचंय. वॉर्डाच्या डॉक्टरीणबाईंनी फाईल माझ्याकडे फिरवली आणि माझ्याच अक्षरावर बोट ठेवलं.

"तुम्हीच शपथेवर लिहिलंय की घरी तिच्या जिवाला धोका आहे. चार-पाच दिवसांत तो कुठे गेला?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

तू येतेस का? आत्या म्हणून नको असेल तर मावशी म्हण.

१४ मार्च, शुक्रवार

उत्तर नाही. ठीक आहे. तिला कशी पाहिली तेवढं लिहितो, मग तू ठरव.

भेटीची खोली दहा बाय आठची. टेबल जमिनीला बोल्ट मारून बसवलेलं, खिडकीला आतून जाळी. तिला एक मावशी दंडाला धरून घेऊन आल्या, तिथल्या सफाईवाल्या. केस मानेपर्यंत कापलेत. कोणाला विचारून कापले, ते कोणी सांगेना. हात थरथरतात. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरते, लहानपणी धरायची तसा. जीभ जड झाली आहे, शब्द ओढून आणावा लागतो.

म्हणाली, "बाबा, तुम्ही यांना काय सांगितलंय?"

"कशाबद्दल?"

"त्या डॉक्टरीणबाई विचारतात, शेजारच्या म्हातारीवर कात्री उगारलीस तेव्हा मनात काय आलं. कुठली म्हातारी? शेजारी तर तो विमा एजंट राहतो."

मी म्हणालो, काहीतरी घोटाळा असेल.

"मी नाही म्हटलं की त्या लिहून घेतात. मी उलटं वाचलं काल. 'नाकारते. आजाराची जाणीव नाही.' " मग म्हणाली, "खरं बोललं की गोळी वाढते इथे."

मावशी मध्येच म्हणाल्या, "मी सांगतेय तिला कधीची. अगं, हो म्हण. मान डोलव. इथून सुटल्या त्या सगळ्या हो म्हणूनच सुटल्या. तुझ्यासारख्या नाहीवाल्या अजून आत आहेत, केस पिकले त्यांचे."

नंतर डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. बाई वाईट नाहीत. दोन वॉर्डांना एकट्या आहेत, डोळे लाल. म्हणाल्या, "एक भास फार पक्का आहे. दर बुधवारी चार वाजता आईचा फोन येतो म्हणते. आई काय बोलली तेही सांगते, अगदी तपशिलाने. आईचा तर ठावठिकाणा नाही ना?"

मी म्हणालो, "नाही."

आता कळलं ना, आत्या का म्हणालो ते.

त्या भासासाठी गोळी आहे. हात त्यानेच थरथरतात. तिथून मी थेट आपल्या इमारतीखालच्या झेरॉक्सवालीकडे गेलो आणि तिला विचारलं, तेव्हा कळलं की तू तिच्या दुकानात फोन करत होतीस, दीड वर्ष. मला काहीच कल्पना नव्हती. कोणी सांगितलं असतं तर ही वेळच आली नसती.

१९ मार्च, बुधवार

मागच्या पत्राचा शेवट खोटा आहे.

आज पावणेचारला झेरॉक्सच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. चार वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला. मी उचलला नाही. झेरॉक्सवाली म्हणाली, "उचला की. फोन काही चावत नाही." तरी हात पुढे होईना. मग तिनेच उचलला आणि माझ्याकडे बघत तुला म्हणाली, "हो, इथेच उभे आहेत. पुतळ्यासारखे." पुढे तू काय म्हणालीस ते तिने मला सांगितलं नाही. तोंडावर एवढंच म्हणाली, "दुसऱ्याच्या तक्रारी लिहून पोट भरता ना, मग ही कोण लिहिणार?"

तर लिहितो.

मला डिसेंबरपासून माहीत होतं. एका बुधवारी लवकर परतलो, तर ती दुकानात काउंटरला रेलून फोनवर बोलत होती. हसत होती. नुसतं तोंडदेखलं नाही, पोट धरून. घरात ती तशी कधी हसली नाही. मी जिन्याखाली उभा राहिलो, अकरा मिनिटं. वर जाऊन तिला काही विचारलं नाही. तेव्हापासून दर बुधवारी पाच वाजता ती घरात आली की मी तिचं तोंड बघायचो.

फेब्रुवारीत ती म्हणाली, "मी आईकडे राहायला जाते. चौदाची आहे, मला विचारलं पाहिजे. तुमच्याच कायद्याच्या पुस्तकात वाचलं." पुस्तक आणून पुढ्यात ठेवलं, पानात खूण घालून. मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "तुझी आई नाही असंच समज." त्या दिवसापासून ती जेवली नाही. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, आणि दोन्ही डॉक्टरांनी विचारलं होतं, उपास कशावरून सुरू झाला.

पत्ता ओळखीच्याकडून मिळाला नाही. तुझी एकोणीस पाकिटं आली. अठरा मी परत पाठवली, 'या पत्त्यावर राहत नाही' असं डाव्या हाताने लिहून. एकोणिसावं ठेवून घेतलं. का, ते माहीत नाही.

आता अर्ज. मूळ प्रत फाईलमध्ये आहे, स्थळप्रत माझ्याकडे. शब्दशः उतरवतो.

'रकाना ५. मुलीने आजवर तीन वेळा जीव देण्याचा प्रयत्न केला आहे.' एकदाही नाही. आरसा खिळ्यावरून पडला होता, मी खिळा तपासला, भोक मोठं झालं होतं. तपासला दाखल केल्यानंतर.

'रकाना ६. शेजारच्या वृद्ध बाईंवर कात्री उगारली.' हे वाक्य माझ्या एका जुन्या अर्जातलं, भलत्याच अशिलाचं. तयार होतं, परिणामकारक होतं, घातलं.

'रकाना ७. आई : ठावठिकाणा माहीत नाही. मुलगी या बेपत्ता आईशी नियमित बोलते.'

यातला शेवटचा शब्द निवडायला मला अर्धा तास लागला. 'बोलते असे भासते' लिहिलं असतं तर डॉक्टरांनी प्रश्न विचारले असते. नुसतं 'बोलते' लिहिलं की वाचणाराच पुढचं समजून घेतो. तीस वर्षांचं कसब आहे ते. तिथे वापरलं, माझ्या पोरीवर.

फक्त जागा मिळावी म्हणून लिहिलं, असं मी तीन आठवडे स्वतःला सांगत होतो. जागा पाचव्या रकान्यावरच मिळाली असती. सातवा रकाना तुझ्यासाठी होता.

आता काय करायचं ते. कायद्याप्रमाणे मूल दाखल झालं की तीस दिवसांच्या आत एका मंडळासमोर यावं लागतं. एक निवृत्त न्यायाधीश, बाहेरचे एक डॉक्टर, एक समाजसेविका. मुलाला तिथे एकटं बोलायचा हक्क आहे, बापाला बाहेर काढून. तारीख २७ मार्च, गुरुवार, सकाळी अकरा, पहिला मजला, जिन्याच्या डाव्या हाताची खोली. मंडळाने तिला तिथेच ठेवायचं ठरवलं तर आणखी नव्वद दिवस. नव्वद दिवसांनी तिचे हात तसे राहतील की नाही, मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बहुतेक नाही राहणार. 'बहुतेक' हा शब्द मी रोज वापरतो, त्यात किती पोकळी असते मला माहीत आहे.

आई म्हणून ये. तुझं ओळखपत्र आण, तिच्या जन्मदाखल्याची नक्कल आण, फोन कंपनीकडून दीड वर्षाच्या कॉलची यादी आण, शिक्का मारून. माझं प्रतिज्ञापत्र खोटं ठरलं की अर्ज लिहिण्याचा परवाना जाईल, कदाचित खटलाही होईल. ते माझं मी बघेन.

सहा वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलं नाही, याचा मला अभिमान होता. हात जोडतो. ये.

२९ मार्च, शनिवार

हे पत्र वॉर्डाच्या फाटकावर देतोय. मावशी तुला आणून देतील. मला आत यायची परवानगी नाही आणि मी ती मागितलेलीही नाही.

परवा तू मंडळाच्या खोलीत आलीस त्याआधी काय झालं, ते तुला ठाऊक नाही. तू बाहेर बाकावर होतीस, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. मी तुझ्यासमोरून गेलो आणि ओळख दाखवली नाही. तुला वाटलं असेल, शरमेने. काही अंशी. बाकीचं वाच.

मंडळातले तिघे आधी बारा मिनिटं एकट्या भिंगरीशी बोलले. मग मला बोलावलं. अध्यक्षबाई, म्हणजे त्या निवृत्त न्यायाधीश, म्हणाल्या, "बाळ, मघाशी सांगितलंस ते वडिलांसमोर सांगशील?"

ती उभी राहिली. हात पाठीमागे, शाळेत कविता म्हणायला उभं राहावं तशी.

"मी आजारी होते. शेजारच्या म्हातारीवर मी कात्री उगारली, त्याचं मला वाईट वाटतं. आईचा फोन येतो असं मला वाटायचं. तो भास होता. आता वाटत नाही."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उजळला. खरंच उजळला, दोष देत नाही. म्हणाल्या, चांगला फरक आहे, आजाराची जाणीव आली, वडिलांच्या ताब्यात आजच सोडायला हरकत नाही. समाजसेविकेने पेनाचं टोपण लावलं.

समजलं ना तुला? मला फक्त गप्प बसायचं होतं. पोर घरी येत होती. परवाना राहत होता. रकाना सात खरा ठरत होता, आणि तो तिच्याच तोंडून. तू बाकावर बसून राहिली असतीस, मी तिला मागच्या जिन्याने नेलं असतं. तो जिना कुठे उतरतो ते मी आदल्या दिवशी पाहून ठेवलं होतं. अर्ज तुला लिहिला आणि जिनाही पाहून ठेवला, दोन्ही मीच.

समोर भिंतीवर घड्याळ होतं. मी एक मिनिट वीस सेकंद गप्प बसलो.

मग तोंडातून निघालं ते असं : "म्हातारी नाहीये. शेजारी विमा एजंट राहतो."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "काय?"

पुढचं मी उभ्याने सांगितलं, कागदाशिवाय. फार वाईट सांगितलं. तारखा चुकल्या, एकच गोष्ट दोनदा आली, मध्ये नाक वाहायला लागलं. कोणी अशिलाने माझ्यासमोर असं सांगितलं असतं तर म्हणालो असतो, आधी पाणी पी आणि मुद्द्याचं बोल. बाहेरचे डॉक्टर म्हणाले, "हे लिहून आणलंय का?" मी नाही म्हणालो.

भिंगरी खुर्चीत बसली होती, माझ्याकडे बघत नव्हती. अध्यक्षबाईंना म्हणाली, "यांचं असंच असतं. खरं वाटेल असं बोलतात. मी बरी झालेय, बाई. भासच होता तो. माझं आधीचंच लिहा."

मी म्हणालो, "भिंगरी, आई बाहेर बसली आहे."

तिने डोळे मिटले. म्हणाली, "बघा, आता हेही मला तपासतायत."

तेव्हा अध्यक्षबाईंनी शिपायाला सांगितलं, बाहेर जे कोणी असेल त्याला आत घे.

पुढचं तू पाहिलंस. हुकूम तुलाही मिळाला आहे, तरी एकदा नीट वाच. सात दिवसांत गोळी टप्प्याटप्प्याने उतरवायची, एकदम नाही. तोवर तू तिच्याजवळ. मुलांचा वॉर्ड आठ दिवसांत दुरुस्त करून उघडायचा. बायकांच्या वॉर्डात आणखी चार मुली आहेत, त्यांचे कागदही पुन्हा तपासायचे. सुटल्यावर कुठे राहायचं ते ती सांगेल, ती सांगेल तेव्हा, आणि तोपर्यंत मी भेटायचं नाही. माझं प्रतिज्ञापत्र न्यायालयाकडे गेलं. परवाना मी काल स्वतः नेऊन दिला, पोच घेतली. गोळीचा दुसरा टप्पा सोमवारी सकाळी आहे. नर्स विसरली तर आठवण कर, पण भांडू नकोस, लिहून माग.

एक राहिलं. परवा व्हरांड्यात तू मला एकच प्रश्न विचारलास. तू दारात उभी होतीस, तिने तुला पाहिलं, आणि तुझ्याकडे न येता ती अध्यक्षबाईंकडे वाकून काहीतरी बोलली. काय बोलली, असं तू विचारलंस. मी म्हणालो, काही नाही. तुला वाटलं, रुसली आहे, सहा वर्षांचा राग आहे. मला ते तुझ्या तोंडावर दिसलं, आणि मी तसंच राहू दिलं.

ती म्हणाली, "दारात कोणी उभं आहे का?"

अध्यक्षबाई म्हणाल्या, "आहे, बाळ. एक बाई आहे, हातात पिशवी आहे."

मग तिने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग समोरच्या फाईलकडे. शेवटी त्यांनीही मान डोलावली, तेव्हा ती खुर्चीवरून उठली.